पिशवीत कांदा का नाही?

गौराबाईंनी पिशवी उपडी करून झटकली. मेथी पडली, दोडका पडला, गवार आणि चार टोमॅटो पडले. कांदा काही पडला नाही. सलग चौथा मंगळवार!

बिद्रीजवळच्या त्या वाडीत भाजी भरपूर पिकायची, पण पहाटेच टेम्पोत बसून कोल्हापूर गाठायची. ज्यांच्या पायांत बाजाराला जायची ताकद उरली नव्हती, त्या म्हाताऱ्यांच्या ताटात रोजची आमटी-भाकरी. ते बघून तरुण श्रेणिक चौगुलेनं दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांकडून थोडी थोडी भाजी मागून घ्यायला सुरुवात केली. त्याच्या घरी पिशव्या भरायच्या आणि मंगळवारी स्कूटरवरून देवळात यायच्या. सगळं झकास होतं. फक्त कांदा नव्हता.

"का नसंल गं?" गौराबाईंनी शेजारच्या बायडाबाईला विचारलं.

"डॉक्टरला इचारून भरत असंल पिशव्या. म्हाताऱ्यांना बाधत असंल की कांदा."

पारापर्यंत पोचता पोचता त्यातलं 'असंल' वाटेतच गळून पडलं. नेमकं दुसऱ्या दिवशी पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्या सयाजीनं झुणक्याबरोबर दोन कांदे फोडून खाल्ले आणि त्याच्या छातीत जळजळलं. झालं, पुरावाच मिळाला! घरोघरी सुना वैतागून बिनकांद्याची वेगळी भाजी करू लागल्या. खात्री करायला दहा-बारा म्हातारी माणसं आरोग्य उपकेंद्रात धडकली. तिथल्या सिस्टर नवीन होत्या. 'मला ठाऊक नाही' म्हणणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'साठीनंतर कांदा जपून खावा.' वाडीनं ते 'कांदा खाऊच नये' असं वाचलं.

गौराबाईंना कांद्याशिवाय भाकरी घशाखाली उतरेना. पण त्याहून जास्त ते 'का' डोक्यातून जाईना. पाचव्या मंगळवारी त्यांनी श्रेणिकला स्कूटरजवळच गाठलं.

"बाळा, कांद्यानं नेमकं काय हुतंय रं?"

"काय हुतंय, आज्जी?" तोच गोंधळला.

"मग पिशवीत का घालत न्हाईस?"

श्रेणिक ओशाळून हसला. "आमी जैन न्हवं का! आई कांदा उंबऱ्याच्या आत घेत न्हाय, आणि पिशव्या तर तीच भरती."

"एवढंच?"

"एवढंच की. कुणी इचारलंच न्हाय."

पुढच्या मंगळवारी श्रेणिकनं वाटेतल्या एका मळ्यातून कांद्याचं पोतं स्कूटरला बांधून आणलं. देवळात एकानंही हात लावला नाही.

"इख आणलंस व्हय रं आमाला?" सयाजी ओरडला.

गौराबाईंनी उभं राहून खरं काय ते सांगितलं.

"सिस्टरपेक्षा तुमी जास्त शिकलाय व्हय?" सयाजीनं विचारलं.

श्रेणिक रडकुंडीला आला. "आज्जी, आता हे घरी कसं न्हेऊ?"

"माझ्या दारात उतरीव."

दिवेलागणीला गौराबाईंनी एक कांदा बुक्कीनं फोडला, त्यावर मीठ भुरभुरलं आणि पहिला घास घेतला. किती दिवसांनी तोंडाला चव आली! दुसरा घास उचलतात तोच दारात कुणीतरी खाकरलं. सयाजी होता.

"वास आला, म्हणून इचारायला आलो. तब्येत बरी हाय न्हवं तुमची?"

"बेस हाय. या, बसा की."

"न्हाय, बसत न्हाय." त्यानं ताटात डोकावून बघितलं. "एक पाकळी बघू. किडका बिडका न्हाय न्हवं?"

गौराबाईंनी अर्धा कांदा त्याच्या हातावर ठेवला आणि मान वर केली. सयाजीच्या मागं बायडाबाई उभी होती. भाकरी तिनं पदराखालून घरूनच आणली होती.