आप्पासोंची पकड

आप्पासोंचा सातवा चेंडूही उजवीकडेच गेला. माळाशेजारच्या वस्तीवरल्या धोंडुबाईच्या खुराड्यापाशी जाऊन पडला, कोंबड्यांनी गिल्ला केला आणि हंबीररावांनी उरलेले चेंडू मोजले.

"हंबीर, ही काठी वाकडी हाय," आप्पासो म्हणाले.

"काठी सरळ हाय जी. आपलं हात लय घट्ट हायती."

"हात घट्टच असत्यात. ढिलं हात म्हाताऱ्याचं."

आप्पासो म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन. तरुणपणी कराडपासून मिरजेपर्यंतची मैदानं त्यांनी गाजवली होती. त्यांच्या पंजात मनगट सापडलं की समोरचा पैलवान देवाचं नाव घ्यायचा. तीच पकड त्यांनी आता गोल्फच्या काठीला घातली होती.

हे गोल्फ कारखान्यावर आलं कसं, तेही सांगायला हवं. महिन्यापूर्वी पुण्यात आप्पासोंना मुंबईचे मोठे साहेब भेटले. नव्या मशिनरीच्या परवान्याचा कागद त्यांच्याच टेबलावर पडून होता, आणि साहेब गोल्फचे वेडे. चहा घेता घेता त्यांनी सहज विचारलं, तुम्ही खेळता का? आप्पासोंना कुठंही मागं राहिलेलं खपत नाही. ते म्हणून गेले, "खेळतो की. आमच्या माळावर रोजच असतंय." साहेब म्हणाले, "मग येतोच." झालं! साहेब या शनिवारी येणार होते आणि आप्पासोंनी तोवर गोल्फची काठी फोटोतसुद्धा पाहिली नव्हती.

तेव्हा कुणाला तरी वॉचमन हंबीरराव आठवले. हंबीरराव पलटणीत अकरा वर्षं एका कर्नलसाहेबांचे ऑर्डर्ली. कर्नल खेळायचे, हे मागून काठ्यांची पिशवी वाहायचे. पेन्शनीत आल्यावर पारावर बसून ही हकिकत सांगता सांगता ती पिशवी हळूहळू गळून पडली आणि हंबीरराव स्वतःच खेळायला लागले. खरं म्हणजे त्यांनी जन्मात एकदाही चेंडू मारला नव्हता. पण चार वर्षं ते कारखान्यावर टेम्परवारी होते, आणि आप्पासोंनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, "साहेबाम्होरं माझी अब्रू राखलीस तर तुला कायम करतो. न्हाई राखलीस तर सोमवारपासनं येऊ नगंस." मग खरं बोलायची छाती कुणाची?

एक मात्र होतं. कर्नल प्रत्येक फटक्याआधी स्वतःशी जे पुटपुटायचे, ते हंबीररावांना पाठ होतं. काठी अशी धरायची, की हातात पाखराचं पिल्लू आहे. चेंडूला लागताना मनगटं आपसूक वळली पाहिजेत, उजवा हात डाव्यावर आला पाहिजे. काठी आवळून धरली की मनगटं वळत नाहीत, काठीचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे पळतो. आप्पासोंचं दुखणं नेमकं हेच. औषधही ठाऊक होतं, पण रोगी तोंड उघडायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांनी आप्पासोंच्या अंगणात खरोखरीचं कोंबडीचं पिल्लू आणलं. "ह्येला धरा जी. पळालं बी न्हाई पायजे आन् वरडलं बी न्हाई पायजे."

आप्पासोंनी धरलं. पिल्लू असं काही ओरडलं, की आप्पासोंच्या मंडळी सुलाबाई हातातलं काम टाकून बाहेर आल्या. त्यांनी पिल्लू काढून घेतलं. "शोभतंय का ह्ये या वयात?" एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मग हंबीररावांनी अंडं दिलं. ते फुटलं. दुसरं फुटलं. सात अंडी फुटल्यावर आप्पासोंनी निकाल दिला, "अंडी कवळी हायती." आणि तालमीतली तांबडी माती मागवून तळव्यांना चोळली, म्हणजे पकड आणखी पक्की.

पुण्याहून मागवलेले चेंडू होते बारा. रोज उजवीकडे जाऊन ते संपत आले, म्हणून हंबीरराव धोंडुबाईच्या वस्तीवर गेले.

"धोंडुआक्का, आमचं चेंडू तेवढं द्या की."

"आवं, द्यायचं कुठनं? माझी खुडूक कोंबडी बसलीया त्येंच्यावर. एकवीस दिस झाल्याबिगर उठवायची न्हाई."

"आक्का, त्यातनं पिल्लं न्हाई निघायची."

"त्ये तिला ठावं न्हाई न्हवं? कशाला सांगताय मग?"

हंबीररावांनी हळूच हात घातला. कोंबडीनं तो टोचून फोडला. शनिवारच्या फटक्यासाठी आप्पासोंकडे एकच चेंडू उरला.

शनिवारी सकाळी हंबीरराव चुलीपुढं डोकं धरून बसले होते. त्यांच्या बायकोनं, शालूबाईनं, शेंगतेलाची बरणी त्यांच्या हातात दिली, "एवढी फळीवर ठेवा." बरणी ओशट होती. जितकी आवळावी तितकी ती सटकायला लागली. अलगद धरली तेव्हा कुठं राहिली. हंबीरराव बरणीकडे बघतच राहिले.

"काय हो? झालं काय?"

"वाटीभर तेल दे."

"वाटीभर? तेलासाठी रांगंत तीन तास उभी ऱ्हायलेय मी."

"शाले, नोकरीचं काम हाय."

तेल घेतलं, पण जिवाला चैन नव्हती. अंगाला तेल चोपडून कुस्तीला उतरणाऱ्याला वस्ताद आखाड्याबाहेर हाकलतो, हे त्या मुलखात शेंबडं पोरही जाणतं. आणि हे तर चेअरमनच्या काठीला तेल. हंबीररावांनी डोळे मिटले आणि काठीची मूठ तेलानं चांगली चोळून ठेवली.

साहेब आले. फेटे बांधून संचालक मंडळ माळावर उभं होतं. चेंडू जायचा खड्डा कामगारांनी नारळाचं रोप लावायला खणतात तेवढा खणला होता. साहेबांनी आत डोकावून पाहिलं आणि सभ्य माणसासारखी मान हलवली. मग त्यांनी आपली काठी काढली आणि चेंडू मारला. तो उजवीकडे गेला, थेट धोंडुबाईच्या वस्तीवर.

"बारा वर्षं झाली, हे काही सुधारत नाही," साहेब लाल होऊन म्हणाले. "आता तुम्ही."

आप्पासोंनी काठी धरली आणि चमकले. आवळावी तर हातात ठरेना. त्यांनी हंबीररावांकडे पाहिलं, हंबीरराव आभाळाकडे पाहत होते. एवढ्या लोकांसमोर थांबताही येईना, तेव्हा आप्पासोंनी काठी नाइलाजानं अलगद धरली आणि फिरवली. मनगटं आपसूक वळली. टक्‌ असा गोड आवाज झाला, चेंडू दोरी धरल्यासारखा सरळ गेला आणि खड्ड्यातल्या निशाणापासून दोन पावलांवर थांबला.

काठी मात्र थांबली नाही. ती संचालकांच्या फेट्यांवरून गेली आणि वजनकाट्याकडे चाललेल्या उसाच्या बैलगाडीत जाऊन रुतली. गाडीवान केरबानं गाडी उभी केली, काठी उपसली आणि निरखून पाहिली.

"आप्पासो, ही कांडी कुठल्या जातीची म्हनायची? सातशे चाळीस नंबरचा ऊस तर वाटत न्हाई."

संचालकांनी आपापले फेटे चाचपले. हंबीररावांनी तर मनातल्या मनात युनिफॉर्म काढून ठेवला. पण साहेब टाळ्या वाजवायला लागले.

"इतके मोकळे हात! मास्तर बारा वर्षं घसा कोरडा करताहेत, पण मला हात सोडता येत नाहीत. तुम्ही तर काठीसकट सोडलेत. तुम्हाला शिकवलं कुणी?"

दहा हातांनी हंबीररावांना पुढं ढकललं.

"यांना महिनाभर माझ्याकडे मुंबईला पाठवा," साहेब म्हणाले. "तुमच्या कागदाचं मी सोमवारीच बघतो. हे गृहस्थ तुमच्याकडे कायम आहेत ना?"

आप्पासो बोटांचा वास घेत होते. ते सावकाश पुढं आले, हंबीररावांच्या खांद्यावर हात टाकला आणि कानाशी तोंड नेलं.

"शेंगतेल हाय न्हवं?"

हंबीररावांनी टाचा जुळवल्या. "व्हय जी."

"तेल लावून कुस्ती मारनाऱ्याचं काय करत्यात, ठावं हाय?"

"हाकलत्यात जी."

आप्पासो साहेबांकडे वळले. "कायम म्हंजे काय, साहेब! चार वरसं झाली कायम होऊन. आमी ह्येला कुटंच सोडत न्हाई." आणि साहेबांचा चहा संपायच्या आत ऑफिसात ऑर्डर टाइप झाली, चार वर्षांपूर्वीची तारीख घालून.

साहेबांची गाडी गेल्यावर हंबीरराव ऑर्डर छातीशी धरून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आप्पासो, मला वाटलं, तुमी हाकलनारच."

"हाकलून काय करू?" आप्पासो त्यांच्याच बाहीला हात पुसत म्हणाले. "तेलाची गोष्ट आता तुला ठावं आन् मला ठावं. टेम्परवारी मानसाच्या पोटात काय बी ऱ्हात न्हाई."