महादेवी सिस्टरांची फौज

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या महादेवी सिस्टर रोज सकाळी पूजा आटोपली की राक्षसांचे हात कापायला बसतात.

ही ऐकीव गोष्ट नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. टेबलावर हिरवं कापड. त्यावर ओळीनं ब्लेड, चिमटे, बारकी कात्री. शेजारी दवाखान्यातला असतो तसा किडनी ट्रे आणि त्यात कापलेले हात. मधोमध अंगठ्याएवढा एक प्लास्टिकचा राक्षस आडवा पडलेला, आणि त्याच्यावर वाकलेल्या सिस्टर. कपाळावर विभूतीचे पट्टे, नाकावर चष्मा, चष्म्यावर घड्याळजीचं भिंग. पहिल्यांदा मी दारात उभा राहून "सिस्टर, येऊ का आत?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"चप्पल भाईर. आन बोलू नका. पेशंट टेबलावर हाय."

मी गप उभा राहिलो. जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सिस्टरांसमोर गप उभं राहायची सगळ्यांनाच सवय आहे.

सिस्टरांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं. घरची भाषा कानडी, नोकरीची मराठी, आणि राग दोन्ही भाषांत येतो. उभी नोकरी सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. मोठमोठे सर्जन म्हणे त्यांना विचारून हातमोजे घालायचे. लग्न केलं नाही. माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा धीर करून कारण विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "येळ कुटं होता? एका मागं एक केस असायची की." रिटायर होऊन इथं आल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी वॉचमनला हात कसे धुवायचे ते शिकवलं, दुसऱ्या महिन्यात दूधवाल्याला. तो गडी अजूनही त्यांच्या दारात दूध घालताना नाकावर रुमाल बांधतो.

तर हे राक्षस कुठून आले, ते सांगतो.

एका सकाळी मी गेटपाशी भंगारवाल्याला रद्दी देत होतो. सिस्टर गळका कुकर घेऊन खाली आल्या. हातगाडीवर एक पोतं होतं आणि त्या पोत्याच्या तोंडातून एक बारकासा हात वर आला होता. करडा, प्लास्टिकचा, पाचही बोटं पसरलेला.

"थांब!" सिस्टर ओरडल्या. भंगारवाला थांबला. रस्त्यावरून जाणारा एक स्कूटरवालाही थांबला.

"ह्यात काय हाय?"

"खेळनी हायती बाई. भाड्यानं राहनारा कोन तरी सोडून गेला. मालकानं माळा साफ केला."

"बाई न्हाय, सिस्टर. वत खाली."

त्यानं पोतं उपडं केलं. बोटाएवढे, अंगठ्याएवढे शेकडो जीव फरशीवर पडले. सुळेवाले राक्षस, दाढीवाले बुटके, ढाली घेतलेले सांगाडे. घोडे होते त्यांना स्वार नव्हते, स्वार होते त्यांना घोडे नव्हते. पंखांचा एक मोठा ड्रॅगन होता, त्याला डोकंच नव्हतं. धडधाकट असे थोडेच. बाकी कुणाचा हात गेलेला, कुणाचा पाय, कुणाची मान लोंबकळणारी. सिस्टर उकिडव्या बसल्या आणि एकेकाला उचलून बघू लागल्या.

"अय्यो! एवढे लोक इनाउपचार पडलेत," त्या म्हणाल्या. कुकर भंगारवाल्याला देऊन पोतं घेऊन वर गेल्या.

मला वाटलं, दोन दिवसांचा नाद असेल. पण सिस्टरांना नाद लागत नाही, त्यांची ड्यूटी लागते.

ज्याचं मुंडकं तुटलंय त्याच्या मानेत टाचणीचा तुकडा घालायचा; त्याला 'रॉड टाकला' म्हणायचं. गळका नळ बंद करायची प्लंबरची पुटी असते ना, ती मळून त्याची मांडी, दंड, पोटऱ्या करायच्या. ती 'ग्राफ्टिंगची केस'. एका राक्षसाला दोन डोकी होती. सिस्टरांनी त्यातलं एक काढून बिनडोक्याच्या बुटक्याला बसवलं. मी म्हणालो, "अहो, त्याची ठेवणच तशी असेल. दोन डोक्यांचा राक्षस."

"असंल. पन एकाला दोन आन एकाला एक बी न्हाय, हे बरं हाय का? तुमीच सांगा सर."

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. असल्या प्रश्नांची उत्तरं आमच्या विषयात नाहीत.

धनुष्यांना टाके घालायचा दोरा लागला. भाल्यांना खराट्याच्या काड्या. दगडगोटे म्हणून पायाखाली ज्वारीच्या कण्या. झग्यांना झालरी हव्या होत्या, तेव्हा सिस्टर आमच्या बेडरूममध्ये शिरल्या आणि सुनंदाच्या नव्या सोलापुरी चादरीचे गोंडे चिमटीत धरून म्हणाल्या, "हे तुमाला लागत न्हाईत की." सुनंदानं कात्री आणून दिली. सिस्टरांना नाही म्हणायचं, तर त्यासाठी लागणारा चेहरा आमच्या घरात कुणाकडंच नाही.

बिनडोक्याच्या ड्रॅगनला त्यांनी गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या रबरी मगरीचं डोकं लावलं. राक्षसांच्या कपाळावर तीन-तीन पांढरे पट्टे ओढले.

"सिस्टर, राक्षसाला विभूती?"

"आंघूळ केलेला हाय त्यो."

रंग द्यायच्या आधी सगळ्यांना काळा हात मारून गच्चीत वाळत ठेवायचे. शेजारीच सुनंदाच्या कुरडया असायच्या. एकदा डब्यात कुरडयांबरोबर एक काळा सांगाडाही खाली आला. तळायच्या आधी सापडला म्हणून, नाहीतर पाहुण्यांच्या पानात गेला असता. सुनंदा किंचाळली. सिस्टर खाली आल्या, सांगाडा तपासला आणि म्हणाल्या, "काई झालं न्हाय त्याला."

हे सगळं त्या मोबाईलवरच्या व्हिडिओंवरून शिकल्या. कुणीतरी दाढीवाला परदेशी माणूस बारक्या ब्रशानं बाहुली रंगवत इंग्रजीत बोलत असायचा. मी विचारलं, "कळतं का तो काय म्हणतोय?" सिस्टर म्हणाल्या, "तोंडाकडं कशाला बघायचं? त्याच्या हाताकडं बघते की मी."

त्याच व्हिडिओंतून एके दिवशी शोध लागला, की ही नुसती खेळणी नाहीत, फौजा आहेत. दोघांनी समोरासमोर बसायचं, टेबलावर डोंगर-झाडी मांडायची, आपापली फौज टेपनं मोजून पुढं सरकवायची आणि फासे टाकून लढायचं. जगभर हा खेळ चालतो. पुण्यातसुद्धा त्याच्या स्पर्धा होतात. नियम एकच कडक: प्रत्येक शिपाई पूर्ण रंगवलेला आणि पायाखालच्या बैठकीवर उभा पाहिजे.

सिस्टर त्या दिवशी स्वतःहून खाली आल्या. चेहरा उजळलेला.

"म्हंजे सर, ह्यांना काम हाय! बरा झालेला पेशंट कॉटवर ठिवायचा नसतोय. कामावर धाडायचा असतोय. पावसाळ्यात पुण्याला स्पर्धा हाय. आपण जायाचं."

"आपण?"

"तुमी भूगोलाचे ना? डोंगर करा."

मी थर्माकोलचे डोंगर केले. ऐन उन्हाळ्यात मला गच्चीत डोंगर रंगवताना पाहून सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "दिवाळीला लई येळ हाय की सर अजून. किल्ला आत्तापासनं?"

त्या उन्हाळ्यात रंग ब्रशावरच वाळायचा. बाटलीतून राक्षसापर्यंत पोचेपर्यंत त्याची खपली व्हायची. सिस्टरांनी पहाटे उठून रंगवायला सुरुवात केली, खिडकीला ओलं धडपं लावलं, पंखा बंद केला. घाम राक्षसावर पडू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधली. रोज काही पेशंट 'डिस्चार्ज' होऊन शोकेसमध्ये उभे राहायचे.

आणि एका दुपारी वावटळ आली. गच्चीत सांगाडे वाळत होते. सिस्टर जिन्यानं धावत वर गेल्या, त्यांना पदरात गोळा केलं आणि उतरताना पाय घसरला. मी पोचलो तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. उजवं मनगट वाकडं झालं होतं आणि डाव्या हातानं पदर घट्ट धरला होता.

"एक बी पडला न्हाय," त्या म्हणाल्या. मग मनगटाकडं पाहून शांतपणे म्हणाल्या, "मोडलंय. रिक्षा बोलवा."

प्लास्टर बोटांपर्यंत आलं. हाडाच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, घरी कोणी आहे का बघायला?" सिस्टर म्हणाल्या, "लई जण हायत." मला शोकेस आठवली. हसू आलं, ते मी दाबलं.

पुण्याचा विषय संपला असं मी धरून चाललो. अजून निम्मे सांगाडे आणि सगळे घोडेस्वार काळेच होते. मी तसं म्हणालोही. "सिस्टर, पुढच्या वर्षी बघू. उजवा हातच नाही तर..."

"डावा काय शोभेला दिलाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डाव्या हातात ब्रश धरून बसल्या. पहिल्या सांगाड्याचा डोळा गालावर गेला. दुसऱ्याचा कानशिलावर. सिस्टर पुसायच्या आणि पुन्हा काढायच्या. ओठ घट्ट मिटलेले, श्वास रोखलेला. एकदा ब्रश हातातून निसटला, बाटली लवंडली आणि घोडेस्वारावर लाल रंग सांडला. मी फडकं शोधायला लागलो, तर म्हणाल्या, "होगली बिड. जाऊ दे. लढाईतनं आलाय म्हणायचं."

दिवस जात राहिले तसा हात वळू लागला. डोळे जागेवर आले, फक्त जोडीनं एका दिशेला बघेनात. सांगाड्यांची ती अख्खी पलटण तिरळी झाली. पण पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी एकही काळा शिपाई उरला नव्हता.

स्पर्धेला मी गेलो, म्हणजे सुनंदानं मला धाडलं. हॉलमध्ये सगळे तिशीच्या आतबाहेरचे, काळ्या टी-शर्टांतले. त्यांच्या फौजा फोमच्या महागड्या बॅगांत. आमची स्टीलच्या डब्यांत, कापसाच्या घड्यांवर निजवलेली. सिस्टरांनी पांढरी साडी नेसली होती, एक हात गळ्यात. त्यांनी डबा उघडला आणि मगरतोंड्या ड्रॅगन बाहेर काढला, तसे आसपासचे सगळे आपले डाव सोडून बघायला आले.

सिस्टर सगळे डाव हरल्या. एकतर समोरचे कसलेले होते. शिवाय सिस्टर धोक्यात असलेल्या शिपायाला वाचवायला अख्खी फौज मागं वळवायच्या. समोरचा एक धिप्पाड सॉफ्टवेअरवाला नम्रपणे म्हणाला, "मावशी, हा मेला. टेबलावरून काढावा लागेल."

"मेला न्हाय. बेशुद्ध हाय." त्यांनी त्याला उचललं आणि कापसावर उताणा ठेवला. मानेखाली कापसाची उशीही दिली. पुढच्या डावात समोरचेही आपले शिपाई काढताना "बेशुद्ध" म्हणू लागले.

निघताना त्या सॉफ्टवेअरवाल्यानं विचारलं, "मावशी, सोलापुरात खेळता कोणाबरोबर? तिकडं कोणी आहे का हा खेळ खेळणारं?"

"हाय की एक जण," सिस्टर म्हणाल्या आणि डबे मोजायला लागल्या.

मी चकित झालो. परतीच्या बसमध्ये विचारलं, "कोण हो? मला कधी दिसला नाही."

"झोपा आता, सर. सोलापूर लांब हाय," असं म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं.

प्लास्टर निघाल्यानंतरच्या एका रविवारी सुनंदानं शेंगापोळ्या केल्या. त्या द्यायला संध्याकाळी वर गेलो. दार लोटलेलं होतं. टेबलावर माझे डोंगर मांडलेले. अलीकडच्या बाजूला ओळखीची फौज होती, विभूतीवाले राक्षस आणि तिरळे सांगाडे. पलीकडच्या बाजूला दुसरी एक फौज होती, मी कधीच न पाहिलेली. निळे झगे, चांदीच्या ढाली, झग्यांच्या कडांना केसाएवढी सोनेरी रेघ. एकाच्याही अंगाला टाका नव्हता. सगळ्यांना स्वतःचे हात, स्वतःची डोकी. सिस्टर त्या बाजूच्या खुर्चीवरून उठून टेबलाला वळसा घालत अलीकडं येत होत्या. मला बघून मधेच थांबल्या.

"ही कोणाची फौज, सिस्टर?"

"समोरच्याची."

"समोरचा कोण?"

त्यांनी एक निळा शिपाई उगाचच थोडा सरळ केला. "यायचा हाय अजून."

मग त्याच म्हणाल्या, "त्या पोरांफुडं कसं सांगायचं, कोन बी न्हाय म्हणून? हिकडनं खेळते. मग उठून तिकडं जाते आन तिकडनं खेळते. गुडघ्याला बरं असतंय, चालनं होतंय."

"पण चांगले-चांगले सगळे तिकडं दिलेत तुम्ही. ते पुण्याला नेले असते तर..."

"ते न्यायचे न्हाईत. दोघांचा खेळ हाय कळलं, त्याच दिवशी बाजूला काढले. उजवा हात धड होता तवाच रंगवून ठिवले." त्या पदरानं टेबलाची कड पुसू लागल्या. ती आधीच स्वच्छ होती. "कोन आलंच कवा, तर त्याच्या हातात लुळं-पांगळं कसं द्यायचं, सर?"

मी शेंगापोळ्यांचा डबा खिडकीत ठेवला. चप्पल दाराबाहेर काढायची राहिली होती, ती काढून आलो आणि निळ्या फौजेमागच्या खुर्चीवर बसलो.

"मला येत नाही हं सिस्टर. सांगावं लागेल."

सिस्टरांनी सांगितलं. कोण किती सरकतो, टेप कुठून धरायचा, फासा कधी टाकायचा. मग आपल्या जागी बसून त्यांनी मगरतोंड्याला वीतभर पुढं घेतलं, फासे टाकले आणि माझा एक निळा शिपाई बेशुद्ध पडला. त्यांची पाळी संपली. सवयीनं त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि इकडच्या बाजूला यायला उठू लागल्या.

"बसा की, सिस्टर," मी म्हणालो. "इकडं मी आहे."

त्या अर्ध्या उठलेल्या तशाच क्षणभर थांबल्या. मग बसल्या. चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला आणि माझ्याकडं न बघता फासे माझ्या बाजूला सरकवले.

"मग टाका की," त्या म्हणाल्या. "किती येळ लावताय!"