लंगडीनं गिळलेला ग्रह

निवड करावी तर या धोंडीबानं! येरमाळ्यात कुणालाही विचारा. मेंढराच्या पाठीवर नुसता हात फिरवला की त्याचं वय, तब्येत आणि मालकाच्या थापा, सगळं मला कळतं. म्हणून पुण्यात ग्रहताऱ्यांचा अभ्यास करणारी माझी लेक वैष्णवी सुट्टीला येऊन अंगणात डोकं धरून बसली, तेव्हा मी मिशीला पीळ दिला.

"काय अडलंय, बाळा?"

"अप्पा, लांबच्या ताऱ्यांभवती फिरणारे दोन ग्रह हायेत. अंतराळातल्या दुर्बिणीनं एकाचीच हवा तपासायला वेळ मागता येतो. उद्या शेवटची तारीख. आधी दोनदा नकार आलाय. आता परत आला तर..."

"पर इतक्या लांबनं हवा कळती कशी?"

तिनं लिंबाला दोरा बांधून ते अंगणातल्या बल्बपुढं धरलं. "बल्ब म्हंजी तारा, लिंबू म्हंजी ग्रह आन् साल म्हंजी त्याची हवा. ग्रह ताऱ्यापुढनं जाताना थोडा उजेड हवेतनं गाळून येतो. त्यावरनं हवेत काय हाय ते कळतं."

"आण इकडं!" मी एक डोळा मिटून लिंबू बल्बपुढं फिरवू लागलो. नेमकी तेव्हाच शेजारची मथुराबाई साखर मागायला आली. तिन्हीसांज, गरगरणारं लिंबू आणि एका डोळ्याचा मी! वाटी टाकून ती ओरडत सुटली, "धोंडीबा करणी करायलाय वो!"

मी दचकलो, लिंबू पडलं आणि आमच्या लंगडी नावाच्या म्हाताऱ्या मेंढीनं ते मटकावलं!

गल्ली गोळा झाली. "लंगडी न्हाय वाचत आता!" मथुराबाईनं जाहीर केलं. कुणी मीठमिरच्या ओवाळल्या, कुणी अंगारा लावला. बिचाऱ्या वैष्णवीनं दुसरं लिंबू आणून सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावलं. एक ग्रह मोठा, फुगीर हवेचा, तपासायला सोपा. दुसरा पृथ्वीएवढा, पण त्याचा तारा लई तापट, त्यानं हवा शिल्लक ठेवलीय का तेच ठाऊक नाही.

"फुगीरच घे!" अख्खी गल्ली म्हणाली.

"जाडजूडच घ्यावा!" मीही ठणकावलं.

वैष्णवी लंगडीकडं बघत होती. लंगडी निवांत रवंथ करत होती.

"अप्पा, ही जन्मली तवा सगळे म्हणले, जगायची न्हाय. तुमी बाटलीनं दूध पाजलंत. का वो?"

मी लंगडीच्या पाठीवर हात फिरवला.

"जगती का बघावं वाटलं," मी पुटपुटलो.

"मला बी तेवढंच बघायचंय."

तिनं धाकट्या ग्रहासाठी अर्ज केला आणि दुर्बिणीचा वेळ मिळाला! मी गावभर पेढे वाटले. मथुराबाईनं सगळं श्रेय लिंबाला दिलं.

पुढं बऱ्याच महिन्यांनी वैष्णवीचा फोन आला. "अप्पा, त्या ग्रहावर हवेचा पत्ताच न्हाय! नुसता खडक!"

"वाईट वाटून घिऊ नगस, बाळा."

"वाईट कशाचं? आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं, आता कळलं!" ती लहानपणीसारखी खळखळून हसत होती.

फोन ठेवतो तोच मथुराबाई कुंपणावरनं ओरडली, "धोंडीबा, कशी निघाली वो हवा?"

पेढे तर तिनंही खाल्ले होते. मी घसा खाकरला.

"एकदम स्वच्छ! धूळ न्हाय, धूर न्हाय!"