सुधा मॅडम चौथीत

शिक्षणात क्रांती करायची तर आधी खाती उघडावी लागतात, असं वर ठरलं होतं. त्यानुसार अल्लीपूरच्या रस्त्यावरल्या एका प्राथमिक शाळेला कळवण्यात आलं, की यापुढे सर्व अध्ययन-अध्यापन 'बोधवाटिका' या ऑनलाइन मंचावर नोंदवलं जाईल, आणि जे तिथे दिसणार नाही ते घडलंच नाही असं समजण्यात येईल. मुख्याध्यापक मनोहररावांनी चष्मा पुसला आणि ते खाती उघडायला बसले.

खात्याला मोबाइल नंबर लागतो. चौथीतल्या शालूच्या घरचा फोन रिचार्जअभावी मुका झाला होता. वर्गशिक्षिका सुधा मॅडमना राहवलं नाही. "सर, माझा नंबर टाका ना. लेकरू काऊन मागं राहावं?" मनोहररावांनी टाकला. लेकरं आधी, मोठे मग, ही त्यांच्या घरच्या पंगतीची रीत. तीच त्यांनी इथेही पाळली. बोधवाटिकेची रीत वेगळी होती. एका नंबरवरचं पहिलं खातं शिक्षकाचं आणि दुसरं विद्यार्थ्याचं, असं तिला कुणी तरी पढवून ठेवलं होतं. परिणामी वर्ग चौथीच्या शिक्षिका म्हणून कुमारी शालू रुजू झाल्या. सुधा मॅडमचं नाव पटावर अगदी शेवटी आलं, कारण त्यांचा प्रवेश उशिरा झाला होता.

"सर, मी शिक्षिका आहो ना?" मॅडमनी विचारलं.

"मले तर तुम्ही शिक्षिकाच दिसून राह्यल्या. पण मले दिसून काय होते? त्याले दिसाले पायजे," मनोहरराव कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले.

दुरुस्तीची सोय होती, आणि ती सोयीसारखीच होती. आधीच्या शिक्षकाने पद का सोडलं, त्याचं कारण निवडायचं. कारणं तीन: निवृत्ती, बदली, निधन. मनोहररावांनी बराच वेळ विचार केला. "निवृत्ती टाकलं तर ते वय इचारते. बदली टाकलं तर पोरीले उद्या समुद्रपूरले हजर व्हा लागन. अन् निधन टाकलं तर शालूची माय मले सोडन का?"

तेवढ्यात तपासणीला विस्तार अधिकारी कृष्णकांत आले. मॅडम खडू घेऊन भागाकार शिकवत होत्या. साहेबांनी आपल्या फोनमध्ये पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं, आणि फोनवर विश्वास ठेवला.

"विद्यार्थिनीने खडूला हात लावू नये," ते म्हणाले.

"साहेब, माझं वय तरी पाहा!"

"वयावरून वर्ग ठरत नाही, मॅडम. उशिरा शिकणाऱ्यांबद्दल शासनाला आदरच आहे."

"मग मले अतिरिक्त ठरवा. दुसऱ्या शाळेत तरी शिकवू द्या."

"अतिरिक्त शिक्षक ठरतो. विद्यार्थी कधीच अतिरिक्त ठरत नाही, तो फक्त पास होतो."

 शाळा चौथीपर्यंतच होती. मॅडम पास झाल्या की शाळेबाहेर. त्यांचा या पोरांवर जीव होता, आणि निम्म्या पोरांना अजून भागाकार येत नव्हता.

शालू खुर्चीत बसू लागली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आधी ती "मॅडम, मी बसू?" असं विचारायची, मग "मागं कोन बोलून राह्यलं?" असं विचारू लागली. सुधा मॅडम ज्याला गणित येत नाही त्याच्या नावापुढे लाल खूण करत असत. शालूने बोधवाटिकेवर सरसकट हिरवी केली, कारण सगळे तिचे दोस्त होते. भागाकार तिलाही जड जायचा, म्हणून तिने तो पाठ 'पूर्ण' नोंदवून वर्गाची त्यातून सुटका केली. वर्ग तालुक्यात पहिला आला. 'आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ इतरांनाही द्यावा,' असा संदेश शालूच्या खात्यावर, म्हणजे सुधा मॅडमच्याच फोनवर आला.

शेवटी कृष्णकांतांनाच दया आली आणि त्यांनी एक नियम शोधला. पालकसभेने हात वर करून बहुमत दिलं, तर वर्गाचा शिक्षक बदलता येत होता. सभा भरली. सुधा मॅडम उभ्या राहिल्या.

"तुमच्या लेकरायची मॅडम मीच आहो. एवढंच सांगाले हात वर करा."

 मग एक पालक, कैलास, उठला. "मॅडम, तुमच्याबद्दल आमाले आदर आहे. पन तुमच्या टायमाले माह्या पोराच्या नावापुढं लालच दिसे. आता पाहा, कसा हिरवागार झाला!"

"कैलासभाऊ, त्याले भागाकार येत नाई."

"येते ना. हे पाहा, इथं दिसून राह्यलं."

त्याने फोन पुढे केला. मग सगळ्यांनीच आपापले फोन काढले, आणि हात वर करायला हात मोकळे राहिले नाहीत. एकच हात वर झाला, शालूचा. "सर, मले सोडा ना आता. मले खेळाले जायचं हाय." पण ती पालक नसल्यामुळे तिचं मत धरण्यात आलं नाही.

तुम्ही हसलात. हसा. पण आपल्या लेकराच्या नावापुढची हिरवी खूण बाजूला सारून त्याला आज एक भागाकार घालून पाहायची तयारी आहे का? असेल तर हात वर करा. नसेल तर राहू द्या खालीच; सुधा मॅडम चौथी पास होऊन बाहेर पडताहेत आणि 'ठराव एकमताने फेटाळला' असं लिहायला मनोहरराव तुमच्यासाठीच थांबले आहेत.