पल्स गेली हो!

"पडदा ना? दुपारपर्यंत आपोआप सरकायला लागला नाही, तर नाव बदलीन!" जावईबापूंनी छाती ठोकून सांगितलं.

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सासरे खिडकीजवळच्या आरामखुर्चीला खिळले होते. दुपारचं ऊन थेट डोळ्यांवर यायचं, आणि पडदा ओढायला उठता येत नव्हतं. जावई पडले प्रोग्रामर! त्यांनी पडद्याच्या दांडीला मोटर बसवली. मोटर मोठी शिस्तीची. एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका मिळाला, की एकच पाऊल सरकणार! असे ठोके देणारं यंत्र बाजारात तयार मिळतं. पण तयार आणलं, तर हुशारी दिसणार कशी?

"पल्स मी सॉफ्टवेअरमधूनच काढतो!" म्हणत त्यांनी लॅपटॉप जोडला.

पडदा हाताने लावला. अंधारलं तसा सासऱ्यांचा डोळा लागला. जावयांनी बटण दाबलं. मोटर थंडी भरल्यासारखी थरथरली, दोन पावलं सरकली आणि रुसून बसली. घामाघूम जावयांनी मित्राला फोन लावला.

"अरे, पल्स लागतच नाहीये! मघाशी होती, पण फार अनियमित... आता तर पार गेली! हलत नाही की काही नाही!"

स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातून पातेलं सुटलं. दाराशी येऊन बघतात तो काय! नवरा मान टाकून, तोंड उघडं. शेजारी जावई कपाळाला हात लावून!

"अहोऽऽ!"

एक हाक जिन्यात, एक फोन लेकीला. तळमजल्यावरचे डॉक्टर जेवत्या हाताने धावत आले. मागून सगळी बिल्डिंग! डॉक्टरांनी सासऱ्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून जोर दिला मात्र...

"कोण आहे रे तो? बरगड्या मोडतोस काय!" सासरे गरजले.

डॉक्टर दचकून मागे सरले. "यांची पल्स गेली म्हणालं कोण?"

सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला वळले.

"म्हणजे... मी मोटरची म्हणत होतो," जावई पुटपुटले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. सासूबाई भिंतीला टेकून मुसमुसत होत्या, ते तर बघवेना.

तेवढ्यात बायको ऑफिसातून धापा टाकत आली. "बाबा! काय झालं?"

"मला काय धाड भरलीय? गेली ती तुझ्या नवऱ्याची मोटर!"

तिने वळून नवऱ्याकडे डोळे वटारले. वायर तपासायच्या निमित्ताने जावई हळूच पडद्याआड सटकले. टेबलावरच्या फोनमधून मित्र अजून बोलतच होता, "अरे, लॅपटॉप आतल्या आत दुसरंच काहीतरी काम करत असेल, म्हणून पल्स अडकल्यात. ते संपलं की पल्स येतील बघ."

आल्या! मोटर गुणगुणली आणि एकदाही न अडखळता पडदा झर्रकन उघडला. खिडकीला पाठ लावून, अंग चोरून उभे असलेले जावईबापू लख्ख उन्हात साऱ्या बिल्डिंगला दिसले!

सासऱ्यांनी डोळ्यांवर हात धरला. "चालतो की! आता बंद कसा करायचा?"

जावयांनी मान खाली घातली.

"तेवढं... अजून लिहायचं राहिलंय."