छगनपट्टीचं अपील

धरणगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवणाऱ्या छगनला पैशाचा सोस नव्हता, नावाचा होता. विहिरीवरच्या स्टार्टरचं सर्किट ओलीनं जळू नये म्हणून कापड, वार्निश, अभ्रक, पुन्हा कापड असे सात थर चिकटवून त्यानं एक पट्टी केली होती. आणि समोरचा वना तीच पट्टी 'वनापट्टी' म्हणून विकत होता, वर पाटी लावून! छगननं एकोणनव्वद साली पेटंटचा अर्ज ठोकला. यात नवीन काही नाही म्हणून तो फेटाळला गेला. मग अपील.

"वापरणारा एक माणूस मुंबईला आणा. पट्टी चालते, एवढंच सांगू दे त्याला," वकील म्हणाले.

एवढंच! आपल्या माणसाची बाजू खानदेशात कुणी कधी एवढीशी मांडली आहे का? पट्टी वापरणारे शेतकरी उखर्डू आबा धुवट टोपी घालून अपील ऐकणाऱ्या साहेबांपुढे उभे राहिले.

"पट्टी चांगली आहे?" साहेबांनी विचारलं.

"चांगली? साहेब, पंच्याऐंशीना पोळापासून लायेल शे, एक डाव मोटर जळनी नही!"

वकिलांनी डोळे मिटले. साहेब पुढे झुकले. "पंच्याऐंशी? अर्ज तर एकोणनव्वदचा आहे."

छगननं आबांचा सदरा ओढला. आबांना वाटलं, कमी पडतंय.

"मी एकलाच नही, बठ्ठा तालुका छगनपट्टी वापरस! छगननी घरोघर वाटी. हाई पत्रं दखा!" म्हणत त्यांनी अकरा गावच्या पत्रांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

"अर्जाआधीच सगळ्यांना ठाऊक असलेल्या वस्तूला पेटंट मिळत नसतं, आबा," बाहेर आल्यावर वकील म्हणाले.

"मंग पहिलेच का नही सांगं?"

छगननं घरी येऊन अंथरूण धरलं. "नाव गयं ते गयं, बट्टी थंडी व्हई ऱ्हायनी," सुगंधाबाई म्हणाली. नवरा हलला नाही. तिलाही वाईट वाटत होतंच, पण वरणाबरोबरच्या बट्ट्या तिनं केल्या होत्या.

महिन्यानं निकाल आला. छगन पाकिटाला हात लावेना, म्हणून ती त्याला ओढतच वकिलांकडे घेऊन गेली. वकिलांनी मराठी करून वाचलं, "सदर वस्तू अर्जापूर्वी चार वर्षांपासून संपूर्ण तालुक्यात 'छगनपट्टी' या नावाने सर्वांस परिचित आहे. सबब अपील फेटाळण्यात येत आहे."

छगन ताठ बसला. "परत वाचा."

तीनदा वाचून झालं. खाली सरकारी शिक्का होता.

दुसऱ्या दिवशी तो कागद, सोबत वकिलांचं मराठी, काचेत बसून वनाच्या पाटीसमोर टांगला गेला. वना रस्ता ओलांडून आला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि परत जाऊन मुकाट्यानं स्टुलावर चढला. पाटी उतरली.

तेवढ्यात आबा आलेच. "मन्ही साक्षच कामले उनी ना रे, छगन?"

छगननं त्यांच्यासाठी चहा सांगितला. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?