आठ ठोक्यांची जागा

सिंधूअक्का शिवी देऊन झाली की थांबते. मान जरा तिरकी करते, डावा हात कानामागे नेते आणि जवाबाची वाट बघते. समोर माणूसच पाहिजे असं काही नाही. यंदा उन्हाळ्यात तिच्या वाळवणात आमची शेळी शिरली. ‘तुन्हा बापनं वावर शे का व हाई?’ असं आमच्या अहिराणीत विचारून अक्का थांबली. शेळीनं तोंडातली कुरडई न सोडता दोनदा बेंबें केलं. ते अक्कानं नीट ऐकून घेतलं आणि मगच काठी उचलली.

अक्का माझी शेजारीण. सत्तरीला आलेली, अंगानं काटकुळी, आवाज मात्र पांझरा नदीच्या या काठावरून त्या काठावर जाणारा. भांडण तिला मनापासून आवडतं, पण भांडणाचे तिचे नियम कडक आहेत. एकदा ग्रामसभेत एक जण तिला वाटेल ते बोलत होता. सरपंचांनी त्याला गप्प केलं, तर अक्का सरपंचांवरच उखडली. ‘त्याले पुरं करू द्या ना भाऊ! अर्धी शिवी मी कशी परत करू?’ त्या माणसाला पुढचं काही सुचेना. तो खाली बसला आणि नंतर स्वतःच चहा सांगून आला.

हे वळण तिला आखाजीनं लावलं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात आणि शेवटी गौराई घेऊन नदीवर जातात. त्याच वेळी समोरच्या गावच्या बायाही पलीकडच्या काठावर येतात. मग दोन्ही काठांवरून गाण्यातून शिव्या सुरू होतात. एका काठानं म्हणायचं, दुसऱ्यानं ऐकायचं आणि मग परतफेड करायची. राग कुणी घरी नेत नाही. अक्काचं माहेर-सासर दोन्ही याच गावात, त्यामुळे तिची एकही आखाजी चुकली नाही. आणि पलीकडे तिच्या तोडीची एकच होती, कौसाबाई.

चाळीस वर्षं दोघींनी एकमेकींना नदीच्या रुंदीइतक्या अंतरावरूनच पाहिलं. एकमेकींच्या घरी कधी गेल्या नाहीत, साधं ‘बरी शे का’ असंही कधी विचारलं नाही. पण कौसाबाईची म्हैस कधी आटली, पोरगा दहावीला किती वेळा बसला, नवरा कोणत्या दुखण्यानं गेला, हे सगळं अक्काला ठाऊक असायचं. शिवी खरी बसायची तर माहिती ताजी लागते, असं ती म्हणते. कौसाबाईचा नवरा गेला त्या वर्षी मात्र अक्कानं फक्त तिच्या म्हशीला शिव्या दिल्या होत्या.

चार वर्षांपूर्वी कौसाबाईचे गुडघे गेले आणि पोरानं तिला सुरतेला नेलं. पलीकडच्या काठावर आता तरण्या पोरी डीजे लावतात. अक्का दर आखाजीला जाते, एक कडवं फेकते, कानामागे हात धरून उभी राहते आणि घरी येते.

आता माझ्याबद्दल थोडं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो आणि सुट्टीत गिटार वाजवतो. माझा मित्र प्रशांत धुळ्यात त्याच्या वडिलांच्या दुकानावरच्या खोलीत ड्रम बडवतो. भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्या खोलीला आम्ही स्टुडिओ म्हणतो. आम्हाला रॅप मेटल करायचं होतं. म्हणजे गिटार फाटेस्तोवर वाजवायची, ड्रमनं छाती हलवायची आणि त्यावर एकानं गाणं न म्हणता भरभर, चिडून बोलायचं. वाजवायला आम्ही दोघं होतो. चिडणारं कुणी मिळत नव्हतं. मी तोंड उघडलं की वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटायचं.

शेळीच्या प्रसंगानंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गाण्यात शिव्या देशील का, असं अक्काला विचारलं, तर तिचा एकच प्रश्न होता. ‘सुरतलगून आयकू जाई का रे?’ मी म्हटलं, अमेरिकेपर्यंत जाईल. ‘अमेरिकामा मन्हं कोनी नही,’ ती म्हणाली आणि पायात चपला घातल्या.

धुळ्याच्या खोलीत प्रशांतनं ड्रम सुरू केले. अक्कानं ते जरा ऐकले, मान डोलावली आणि एका दमात सुटली :

‘तुन्हा भरीतमा धूर, तुन्ही भाजीमा पूर,
तुन्हा घर उना पाव्हना, पळना दूर दूर!’

अशी सहा कडवी. प्रत्येक कडव्यात कौसाबाईचं नाव, आणि प्रत्येक कडव्यानंतर अक्का गप्प, डावा हात कानामागे. बरोबर आठ ठोके. प्रशांत मला हळूच म्हणाला, ‘सर, या बाईला ताल शिकवायची गरज नाही.’

चूक आम्ही नंतर केली. त्या आठ ठोक्यांच्या रिकाम्या जागा आम्हाला बघवेनात. प्रशांतनं तिथे माझी गिटार भरली, आणि खोटं कशाला बोलू, ती मीही जीव ओतून वाजवली होती. अक्काला हेडफोन लावून ऐकवलं.

‘हाई कोन मधमा बोली ऱ्हायनं रे?’

‘गिटार शे अक्का.’

‘तिले सांग, गुपचूप बस. आते तिनी बारी शे.’

तिची म्हणजे कौसाबाईची. प्रशांतनं समजावून पाहिलं. मधे आवाज गेला तर लोकांना वाटेल नेट गेलं, लोक पुढे सरकतील. अक्कानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ‘जथा जवाबले जागा नही, तथा मी बोलत नही. मन्हा बोल माले वापस दी दे.’ आणि खरंच हात पसरून उभी राहिली. मी वीस वर्षांची गिटार त्या हातावर ठेवायला तयार झालो असतो. प्रशांतनं निमूटपणे सगळ्या सहा जागा पुन्हा रिकाम्या केल्या.

आखाजीच्या सकाळी गाणं इंटरनेटवर टाकलं. खाली माझा फोन नंबरही दिला. तेच गाणं नदीवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत स्पीकर ठेवून लावलं. गावच्या बाया ड्रमच्या ठोक्यावर फुगड्या खेळल्या. प्रत्येक रिकाम्या जागी अक्का पलीकडे कान देऊन उभी राहिली. पलीकडच्या पोरींनी हात हलवले, मोबाइलवर शूटिंग केलं, पण उलटून बोलणं कुणालाच जमलं नाही. गाण्याखाली पहिली कमेंट आली, ‘भाऊ, मधेमधे आवाज जातोय.’

त्यानंतर अक्का रोज संध्याकाळी आमच्या फाटकाशी यायची. ‘जवाब उना का रे?’ मी नाही म्हणायचो. गाणं बऱ्यापैकी चाललं होतं, पोरं मला वाटेत थांबवून सेल्फी मागत होती. पण तिच्यापुढे ते सांगायची मला लाज वाटायची.

आठव्या दिवशी दुपारी माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून व्हॉइस मेसेज आला. सुरतेहून एका मुलीनं पाठवला होता. सोबत लिहिलं होतं, ‘आजी ऐकतच नाही. तीन दिवस फक्त हेच लावायला सांगते.’ मी पळत अक्काकडे गेलो. ती शेंगा फोडत बसली होती. मोबाइल तिच्या कानाशी धरला.

आमचंच गाणं होतं, लांबून वाजणारं. भरताचा धूर झाला, पाहुणा पळाला, आणि गाणं थांबलं. त्या रिकाम्या जागेत धाप लागलेला, चिरका, म्हातारा आवाज आला :

‘आजून मरनी नही का व सिंधे?’

आणि मग हसणं. ठोके संपले, दुसरं कडवं सुरू झालं तरी ते चालूच होतं.

अक्कानं तीनदा ऐकलं. चौथ्यांदा लावायला गेलो, तर तिनं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. मलाही सुचलं नाही.

मग तिनं पदर खोचला, मांडीवरची टरफलं झटकली, घसा खाकरला आणि माझ्या हातातला मोबाइल ओढून तोंडाजवळ घेतला.

‘कोठे दाबू रे, सांग लवकर. आते मन्ही बारी शे.’